आमटीतले मीठ

एकदा एक तरुण प्राध्यापक आपल्या वृद्ध गुरुजींचा आशीर्वाद घ्यायला आला. समुद्रापलीकडच्या एका नामांकित विद्यापीठाने त्याच्या शहरात शाखा काढली होती आणि तिथे शिकवणारा तो आता विभागप्रमुख होणार होता. शाखा म्हणजे काय, हे आम्हा दुकानदारांना विचारा. गल्ला इथे, किल्ली तिथे.

गुरुजी म्हणाले, "बातमी गोड आहे. चेहरा का कडू?"

"मी पाण्याचे शास्त्र शिकवतो, गुरुजी. परीक्षेत आपल्या तळ्यावर प्रश्न घातला होता. मुले त्याच्या काठावर वाढलेली. तिकडून निरोप आला, हे तळे आम्हाला अपरिचित आहे, आमच्या नदीवर प्रश्न घाला. ती नदी मुलांनी पाहिलेली नाही. मीही नाही. पण पद हवे, तर ऐकायला हवे."

चुलीवरच्या छोट्या पातेल्यात आमटी उकळत होती. "आधी जेवू," गुरुजी म्हणाले. "ओढ्यापलीकडे लग्नाच्या पंक्तींचा मोठा आचारी राहतो. त्याला विचारून ये, मीठ किती घालू."

शिष्य चकित झाला, पण गेला.

आचारी हसला. "आमटी तिकडं, मी इकडं. चाखून बघा की! बरं, आलाच आहात तर सांगतो. आम्ही ओंजळभर घालतो."

गुरुजींनी ओंजळभर मीठ घातले आणि शांतपणे भुरका मारला.

शिष्यानेही चाखली. "गुरुजी, मिठाचा खडा झालाय नुसता."

"कळतंय मला. पण आचारी नामांकित आहे."

शिष्याला हसू आले आणि लगेच विरले.

गुरुजी म्हणाले, "आचारी खोटा नाही, बाळ. त्याच्या हंड्याला ओंजळच लागते. विद्या कुठूनही यावी, समुद्र ओलांडून आली तर तिला पाट मांडावा. पण चव ठरवणारी जीभही तिकडेच ठेवली, की आपण यजमान उरत नाही. आपल्याच घरात वाढपी होतो."

शिष्य म्हणाला, "त्या तळ्याकाठी बसवून तुम्ही मला वाऱ्याची दिशा लाटांवरून ओळखायला शिकवलंत. वर्गात उभा राहिलो, की तो काठ फार आठवतो. पण प्रश्न पुन्हा पाठवला, तर पद जाईल."

"जाईलही."

गुरुजींनी थोडी आमटी दुसऱ्या पातेल्यात काढली, तीत भरपूर पाणी ओतले, उकळी आणली आणि पळी त्याच्यापुढे धरली. "आता तू सांग."

त्याने डोळे मिटून चाखली. कित्येक वर्षांत त्याला कुणी चव विचारली नव्हती.

"अजून थोडं पाणी," तो म्हणाला. "आणि गुरुजी, प्रश्न तळ्यावरचाच जाईल."