चौथा स्क्रू

“आणि अजून काय काय काढलंस?”

आप्पा मगदुमांनी हे विचारलं तेव्हा श्रेयांसच्या तळव्यांना घाम सुटला होता. तो अभिमानाचा होता की भीतीचा, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

समोर टेबलावर त्याची पेटी होती. घरी बसून गाणं ऐकायसाठी केलेला अँप्लिफायर, जेवणाच्या डब्याहून थोडासाच मोठा. आप्पांच्या हातचे जुने अँप्लिफायर उचलायला दोन माणसं लागायची. ही पेटी एका तळहातावर राहत होती.

“मोठा ट्रान्सफॉर्मर काढला,” श्रेयांस म्हणाला. “त्याच्या जागी बांगडीसारखा गोल बसवला. उंची निम्मी झाली.”

“बरं.”

“पंखा काढला. पेटीची पाठच जाड ॲल्युमिनियमची केली, उष्णता तीच बाहेर टाकते.”

“बरं.”

“पुढचे दिवे काढले. आवाजाची पातळी दाखवणारा काटा काढला. बॅलन्सचं बटण काढलं.”

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला.

“ते का?”

“डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायला कोण जातंय, आप्पा? ते बटण जन्मभर घड्याळात बारा वाजल्यासारखं सरळ उभं असतं. त्याच्यापायी पेटी दोन बोटं रुंद होत होती.” मग त्याला राहवलं नाही. “आणि तुम्हाला विचारलं होतं की मी.”

“मला?”

“होय. तुम्ही काही बोलला नाहीत. मौन म्हणजे संमती, असं समजलो.”

आप्पांनी पेटीच्या पुढच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

“बरं,” म्हणाले.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, एका वाद्यांच्या दुकानाच्या माडीवर आप्पांचं वर्कशॉप होतं. खाली भोपळे कोरले जात, तारा चढवल्या जात. वर आप्पा अँप्लिफायर करत. गावातले गवई, वादक आपल्या मैफलीची टेप ऐकायला माडी चढून येत. आप्पांना जे ऐकू येतं ते खरं, बाकी सगळं सांगीवांगी, असं गल्लीत मानलं जाई.

आणि आप्पांच्या वर्कशॉपात एक रीत होती. पेटीच्या झाकणाला चार कोपरे, चार स्क्रू. तीन स्क्रू शिष्यानं आवळायचे. चौथा आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. आप्पांनी तो स्वतःच्या हातानं आवळला की पेटी तयार झाली आणि शिष्यही. तोवर झाकणाचा एक कोपरा उचकलेला राहायचा. एका शिष्याचा असा कोपरा वर्षभर उचकलेला राहिला होता. शेवटी त्यानं मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि ते चांगलं चाललंही.

श्रेयांसला वर्षभर थांबायला जागा नव्हती. पुण्याच्या एका कारखान्याची माणसं आज चहाच्या वेळेला येणार होती. पेटी घेऊन जाणार आणि तशाच शेकडो काढणार. आज पेटी मिळाली नाही तर आमच्याकडे दुसऱ्याची तयार आहे, असं त्यांनी फोनवर गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. इचलकरंजीत आईनं नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. चौथा स्क्रू तेवढा बाकी होता.

तो स्वतः आवळला असता तर पुण्याच्या माणसांना कळलंही नसतं. पण श्रेयांस गर्विष्ठ असला तरी लबाड नव्हता.

त्याला भीती वेगळीच होती. गेल्या वर्षभरात आप्पा त्याच्याशी नीट बोललेच नव्हते.

म्हणजे समोर उभं राहून काही विचारलं तर बोलायचे. पण श्रेयांसचं स्टूल आप्पांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला. काम करता करता तो तिथून विचारायचा आणि पुष्कळदा उत्तरच यायचं नाही. आप्पा समोर नजर लावून बसून राहायचे. मग श्रेयांस घरी जाताना सगळी वाट त्या गप्प बसण्याचा कीस काढत जायचा. गुरूच्या मौनाचा अर्थ लावण्यात शिष्याचा हात कोणी धरू शकत नाही. ‘पॉवर किती ठेवू?’ असं एकदा विचारलं, उत्तर आलं नाही. हाव नको, असं आप्पांना सुचवायचंय हे त्यानं ओळखलं आणि पॉवर निम्मी केली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी विचारलं, “निम्मी का केलीस?” यातही काहीतरी खोल अर्थ असणार, म्हणून तो दोन दिवस नीट जेवला नाही.

त्यात आप्पांची खुर्ची त्याच्या अंगावर येत चाललेली. रोज जराशी. त्याचं स्टूल सरकत सरकत आता भिंतीला लागलं होतं. बसलं की एक खांदा चुन्यानं पांढरा व्हायचा. झालं तुझं, ऊठ आता, असं आप्पा सुचवतायत हे त्याला स्पष्ट दिसत होतं. म्हणून तर त्यानं पुण्याला फोन केला होता.

“लाव,” आप्पा म्हणाले.

श्रेयांसनं तबकडी लावली. आप्पा सगळ्या पेट्या ह्याच एका तबकडीवर पारखायचे. जुगलबंदी होती. डाव्या स्पीकरमधून सतार, उजव्यातून व्हायोलिन. दोघं एकमेकांना विचारत, चिडवत, वरचढ होत जात.

आप्पांनी डोळे मिटले.

श्रेयांस टेबलापाशी उभा राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. सतार छान बोलत होती. तारेवर नखी लागते तो बारीक चटका सुद्धा ऐकू येत होता. एवढ्याशा डब्यातून! त्याला वाटलं, आता आप्पा खिशात हात घालतील.

“सतार कुठाय?” आप्पांनी विचारलं.

“…काय?”

“व्हायोलिन समोर वाजतंय. सतार शेजारच्या घरात वाजतीय.”

श्रेयांसनं कान डाव्या स्पीकरजवळ नेला.

त्याला तर सतार ऐकू येत होती, स्वच्छ. पण त्याच्या ऐकण्याला काय किंमत? मोहात पडलेला माणूस, त्याला ऐकायचं तेच ऐकू येणार. आप्पांना सतार दबलेली वाटत असेल तर ती दबलेलीच होती. असंच तर तो इथं शिकला होता.

“वायरी बदल,” आप्पा म्हणाले.

हीदेखील आप्पांचीच शिकवण. दोष शोधायचा तर पेटी फोडत बसू नये. डावी वायर उजवीकडे लावावी, उजवी डावीकडे. दोष वायरीबरोबर पलीकडे गेला तर तो पेटीत. जागेवरच राहिला तर पुढं कुठंतरी.

श्रेयांसनं वायरी बदलल्या. आता सतार उजवीकडे आली, व्हायोलिन डावीकडे.

“आता?”

“आता सतार आली. व्हायोलिन शेजारी गेलं.”

म्हणजे पेटीत दोष नव्हता! श्रेयांसला हायसं वाटलं. डावा स्पीकर बसला असणार. जुनाच होता तो.

“स्पीकर बदलतो,” तो म्हणाला आणि त्यानं दोन्ही स्पीकर उचलून इकडचे तिकडे केले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. खाली गल्लीत कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि तो खिडकीतून वाकून बघून आला. दुसरीच गाडी होती.

“आता, आप्पा?”

आप्पांनी मान थोडी वळवली. परत सरळ केली.

“तसंच.”

“तसंच?”

“डाव्या अंगाचं शेजारीच आहे.”

पेटी बरोबर. स्पीकर बरोबर. वायरी बरोबर. श्रेयांसला काही सुचेना. वायर कुठं जमिनीवर दबली असेल म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि खुर्चीखाली वाकून बघू लागला.

तिथं कोबा होता, लाल. आप्पांची खुर्ची कित्येक वर्षं एका जागी असायची. चार पायांनी कोब्यात चार वाटोळ्या खुणा पाडल्या होत्या. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध. आप्पांनीच कधीकाळी दोरी लावून ती जागा मापली होती.

खुणा उघड्या होत्या. खुर्ची तिथं नव्हती. ती डावीकडे गेली होती, डाव्या स्पीकरच्या समोर. आणखी पुढं जायला तिला वाव नव्हता, कारण पुढं श्रेयांसचं स्टूल होतं आणि स्टुलामागं भिंत.

तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

मग उठला. तबकडी बंद केली. खोलीत एकदम शांत झालं. तो आप्पांच्या डाव्या हाताला, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला आणि रोज विचारायचा त्याच आवाजात म्हणाला,

“आप्पा.”

आप्पा समोर नजर लावून बसून होते…

तो खुर्चीमागून फिरून उजवीकडे आला.

“आप्पा.”

“काय रे?”

वर्षभराचं ते सगळं गप्प बसणं श्रेयांसच्या डोळ्यांपुढून गेलं. ते अर्थ, ते कीस, त्या न जेवलेल्या रात्री. आप्पा रागावले नव्हते. आप्पा काही सुचवत नव्हते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. आणि हा शेजारी बसून, खांद्याला चुना लावून घेत, स्वतःविषयीच विचार करत राहिला होता.

त्याला लाज वाटली. आणि लाजेहून जास्त भीती. ज्या कानावर सगळी गल्ली भरवसा ठेवून होती, ज्या कानावर त्याची स्वतःची सगळी विद्या उभी होती, तो कान… हे आप्पांना कोण सांगणार? आणि कोणत्या तोंडानं?

“सापडला दोष?” आप्पांनी विचारलं.

“पेटीत नाही, आप्पा.”

“स्पीकरात?”

“नाही.”

“वायरीत?”

“नाही.”

“मग?”

श्रेयांस गप्प राहिला. आज पहिल्यांदा गप्प राहायची पाळी त्याची होती. आप्पांनी त्या गप्प राहण्याचा काय अर्थ लावला, कोण जाणे. ते त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात ना राग होता ना प्रश्न.

खाली हॉर्न वाजला. या वेळी बराच वेळ.

जिन्यावर पावलं वाजली. आप्पांच्या पत्नी, अक्का, वर आल्या. दाराजवळची बाजू सोडून त्या खुर्चीला वळसा घालून उजवीकडे आल्या आणि आप्पांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “पुण्याची माणसं आलीत. चहा टाकू का?”

त्या वळशाकडे श्रेयांस बघत राहिला. अक्का रोजच तसा वळसा घालायच्या. त्यानं रोज बघितलं होतं.

“टाक की,” आप्पा म्हणाले. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला. चष्म्याच्या घरामागून त्यांनी तो लहानसा स्क्रू काढला आणि दोन बोटांत धरला. “पेटीत दोष नाही म्हणतोस ना?”

“…नाही.”

“मग आण इकडं. आवळून टाकू.”

श्रेयांसनं पेटी पुढं केली. हात आपोआप पुढं झाले. ह्याच क्षणासाठी तो एवढी वर्षं इचलकरंजीहून एस्टीनं येत-जात होता. आप्पांनी उचकलेला कोपरा अंगठ्यानं दाबला, भोकावर स्क्रू टेकवला, स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला. एक फिरकी दिली. स्क्रूनं पेटीत दात धरला.

अजून दोन-तीन फिरक्या. खाली जाऊन पेटी गाडीत ठेवायची. आईला फोन करायचा. आप्पा इथं खुर्ची सरकवत बसतील. त्याचं स्टूल रिकामं झाल्यावर त्यांना आणखी वीतभर जागा मिळेल. मग भिंत.

आणि कुणाकुणाच्या घरात असं एका कानानं ऐकत कोण बसलेलं असेल…

श्रेयांसनं झाकणाच्या त्या कोपऱ्यावर आपला तळहात ठेवला.

“नको, आप्पा.”

स्क्रूड्रायव्हर थांबला.

“का? दारात माणसं उभी आहेत.”

“अक्का,” श्रेयांसनं जिन्याकडे निघालेल्या अक्कांना हाक मारली. “अक्का, त्यांना चहा द्या. आणि सांगा, पेटी आज जायची नाही.”

“अरे, पण ती माणसं…”

“माहीत आहे.”

अक्कांनी आप्पांकडे बघितलं. त्या जिना उतरून गेल्या.

“काय राहिलंय?” आप्पांनी विचारलं.

“एक भोक पाडायचं राहिलंय. पुढच्या बाजूला, आवाजाच्या बटणाशेजारी. बॅलन्सचं.”

“पेटी रुंद होईल.”

“होऊ दे.”

“किती?”

“दोन बोटं.”

खाली बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी चढ्या आवाजात काहीतरी विचारत होतं आणि अक्का शांतपणे काहीतरी सांगत होत्या. आपण काय करून बसलो, हे श्रेयांसला एकेक करून कळत चाललं होतं. मग गाडीचं दार आपटलं. गाडी चालू झाली. गल्लीच्या तोंडाशी तिनं एक हॉर्न दिला आणि ती गेली.

आप्पांनी स्क्रू उलटा फिरवून बाहेर काढला आणि परत खिशात टाकला. मग ते उठले. भिंतीला लागलेलं स्टूल त्यांनी एका हातानं उचललं. वय झालेलं, तरी उचललं. खुर्चीला वळसा घातला आणि ते उजव्या हाताला आणून ठेवलं.

“इथं बस इथून पुढं.”

श्रेयांसला वर बघवेना.

“आप्पा… तुम्हाला माहीत होतं?”

आप्पांनी खुर्ची ओढून तिच्या जुन्या चार खुणांवर नीट बसवली. सावकाश टेकले. उचकलेल्या कोपऱ्यातून पेटीच्या आत, त्या गच्च भरलेल्या आतल्या भागात त्यांनी डोकावून बघितलं.

“लहानच ठेव पेटी,” ते म्हणाले. “मी मावेन एवढी.”