भिवाने पाहिलेला धूर

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हा, या शिरवणे बंदरात भिवा खोबरेकर नावाचा गाबीत, मासेमाराचा पोरगा होता. साता समुद्रापार मोठी लढाई पेटली आणि भिवा कोळशाच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. जाण्याआधी द्वारकी कुबलशी त्याची सुपारी फुटली होती. लग्न तो परतल्यावर व्हायचं होतं.

त्या काळी पत्र लिहायचं तर मुलीच्या बापाला. पण भिवाला कसली आलीय लाज! तो सरळ ‘लाडके द्वारके’ म्हणून सुरुवात करायचा. शाळामास्तर ते अंगणात मोठ्याने वाचायचे, वाडी खोखो हसायची आणि दाराआड द्वारकीचे कान तापायचे. तिला अक्षर येत नव्हतं, तरी प्रत्येक पत्र तोंडपाठ होतं, असं म्हणतात.

मग एके दिवशी तार आली. भिवाची बोट बुडाली होती.

दर्यात गेलेल्याचा देह मिळाला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देत. त्याशिवाय त्याला गती नाही, असं सगळे मानत. भिवाचा बाप बाबी दर्भ घेऊन पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर निघाला, तेव्हा द्वारकीने त्याचे पाय धरले.

“मामानू, थोडे दिस थांबा. तेचा पत्र येतला.”

“तार इली गो बाय. आता खंयचा पत्र? माझो झील थंय पाण्यात तळमळता. तेका सोडवक होयो.”

आणि बापाने पुतळा पेटवला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हेच तर वाईट.

तेरावं उरकलं आणि पत्र आलं. ‘लाडके द्वारके, बोट बुडाली, पण मी फळीला धरून वाचलो. घरी येतो.’ या वेळी कुणी हसलं नाही. ज्याला अग्नी दिला तो जिवंत घरी कसा यायचा, हे कुणालाच कळेना.

त्यानंतरची पत्रं टपालाने आली नाहीत. ती भरतीबरोबर पुळणीवर येत, ओली, तिकिटाशिवाय, असं म्हणतात. मास्तर ती वाचून दाखवत. ‘द्वारके, रोज खाडीच्या तोंडाशी येतो. आपले माड दिसतात. पण पुळणीवर कुणाची तरी चिता जळते आणि तो धूर दिसला की पाणी मला मागे ओढतं. कोण गेलं गं गावात?’

मास्तरांनी कागद मिटला. द्वारकी गुडघाभर पाण्यात शिरली आणि जीव तोडून ओरडली, “भिवा, तूच रे! आमीच तुका जाळलो!”

दर्या त्या दिवशी तळ्यासारखा निपचित पडला होता, असं म्हणतात. पुढे पत्र आलं नाही. द्वारकीने लग्न केलं नाही, आणि ती म्हातारी होऊन गेली.

तेव्हापासून शिरवण्यात पुतळा जाळत नाहीत. दर्यात गेलेल्याचं तेरावं नाही, श्राद्ध नाही. त्याची बायको कुंकू पुसत नाही, आई रोज त्याचं ताट वाढते आणि झाकून ठेवते. वाडीत आजही अशी ताटं आहेत. सकाळी ती कावळ्याला घालायची नाहीत, म्हणून बाया तो भात निमूटपणे स्वतःच खातात.