शिलेदाराने कापलेली ज्वारी

विश्वास कुणावर टाकावा, सांगा बरं? आपला फायदा करून देणाऱ्यावर, की आपल्या डोळ्यांदेखत आपलं नुकसान करणाऱ्यावर? उत्तर सोपं वाटतं ना? घाई करू नका. आधी ही हकिकत ऐका.

एकदा एक वृद्ध शिलेदार होता, सुभानजी नावाचा. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन लष्करात जाणारा स्वार. पण हा मूळचा शेतकरी. दसरा झाला की भाला घेऊन मुलुखगिरीवर निघायचा, आणि मृगाच्या आधी परतून औत धरायचा. निम्मं आयुष्य खोगिरावर गेलं, निम्मं मातीत. आता गुडघे गेले होते. पण घोडी होती, आणि तिच्यावर बसायला शिकणारा एक शिष्यही होता, हैबती.

हैबती तरणा शेतकरी. त्याची बायको सगुणा म्हणायची, घोडीवर बसलात की शिंक्यावरच्या गाडग्यासारखे हिंदकळता. तो हसून सोडून देई. येत्या दसऱ्याला सुभानजी घोडी आणि भाला त्याच्या स्वाधीन करणार होता, आणि पथकात त्याची वर्णी लागणार होती. मागे सगुणेच्या पोटाला काय, तर शेतातली ज्वारी. कणसांत दाणा भरत आला होता. त्या पिकाच्या भरवशावरच तो घर सोडणार होता.

दसरा तोंडावर आला असताना एका सकाळी सगुणा पिकातल्या राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकत होती आणि हैबती बांधावर गवत कापत होता. तेवढ्यात सुभानजी घोडीवरून आला. बांधाशी थांबला नाही. सरळ उभ्या पिकात शिरला.

हैबतीला वाटलं, घोडी उधळली. म्हाताऱ्याला सावरायला तो धावला. जवळ जाऊन पाहतो, तर गुरू खाली उतरून विळ्याने सपासप ज्वारी कापतो आहे आणि घोडी कणसं चघळते आहे. सगुणेच्या गोफणीतला दगड गोफणीतच राहिला. हैबतीने आधी विचारलं, मग विनवलं, मग पाय धरले. सुभानजीने वळूनही पाहिलं नाही. इतकंच म्हणाला, लष्कराला वैरण हवी आहे.

हैबतीचे कान तापले. ज्याला बापाच्या जागी मानलं, तोच माणूस त्याच्या घासावर विळा चालवत होता. त्याने घोडीचा लगाम धरला आणि हातातला विळा उगारला.

"बाबा, आता ज्वारीचं एक ताट जरी कापलंत, तर हात तोडीन."

सुभानजी थांबला. रागावला नाही. धाप लागली होती म्हणून कापलेल्या भाऱ्यावर बसला आणि म्हणाला, "लष्करात याला कही म्हणतात. मुक्कामाजवळच्या शिवारात शिरायचं आणि घोड्यांसाठी उभं पीक कापून आणायचं. आम्ही जायचो तेव्हा कुणी विळा उगारला नाही. शेतकरी हात जोडून उभा राहायचा. एखादा तर भारे बांधून द्यायचा. आम्ही घरी येऊन पारावर सांगायचो, परमुलखात आपल्याला काय मान आहे! आणि ते मला खरंच वाटायचं. मग एका साली मी तापाने घरी राहिलो, आणि परकी फौज आपल्या शिवारातून गेली. स्वार माझ्या पिकात शिरले. हयातभर भाला पेललेला मी, बांधावर गेलो आणि माझे हात आपोआप जोडले गेले. 'घ्या सरकार, आपलंच आहे,' असं मी म्हणालो. भारेही मीच बांधून दिले. त्यांच्यातला एक कोवळा स्वार सोबत्याला म्हणाला, 'इथली माणसं मोठी दिलदार.' तेव्हा मला कळलं, आजवर मी कुणाच्या दिलदारीच्या गोष्टी सांगत आलो ते."

हैबतीचा हात खाली आला. त्याने विचारलं, "मग मी जाऊ नको का?"

"जायचं तर जा. तू माझ्यावर विळा उगारलास, कारण मी तुझ्या ओळखीचा. तिथे कुणी उगारणार नाही. जोडलेले हात दिसले की खाली उतर. खोगिरावरून माणसाचं मुंडासं दिसतं, तोंड दिसत नाही."

एव्हाना सगुणा माळ्यावरून उतरून आली होती. तिने रोखठोक विचारलं, आता आमची भरपाई कोण करणार? सुभानजीने ओढ्याकाठचं आपलं वावर दाखवलं. ते याहून चांगलं पिकलं होतं, लागेल तेवढं कापून ने म्हणाला. ती फणकारली, "धडाच द्यायचा होता, तर त्या वावरात द्यायचा."

"त्या वावरात त्याने विळा उगारला नसता, सूनबाई."

सगुणेने हैबतीच्या हातातला विळा घेतला आणि ती ओढ्याच्या वाटेला लागली.

दसऱ्याला हैबती निघाला. वेशीबाहेर अरुंद वाटेवर परगावची एक म्हातारी गवताचा भारा घेऊन येत होती. घोडी दिसताच ती काट्यांत सरकली, भारा टाकला आणि हात जोडून खाली पाहत उभी राहिली. हैबती उतरला. भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला, आणि पुढे बराच वेळ लगाम धरून पायीच चालत राहिला.

तर मंडळी, एक विनंती आहे. आपापल्या वहीत जमेच्या बाजूला 'खुशीने दिलं' असं लिहिण्याआधी देणाऱ्याचं तोंड एकदा नीट बघा, आणि मग जे खरं असेल तेच लिहा.