दोघांचा कमठा

जंगल गावापेक्षा मोठं होतं, त्या काळातली ही गोष्ट.

डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर नुरजी नावाचा तिरंदाज राहायचा. अंगाने धिप्पाड आणि हाताने बळकट. त्याचा कमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, इतका जड होता की दुसऱ्या कुणाला त्याची दोरी कानापर्यंत ओढता येत नसे. नुरजीने सोडलेला बाण ओढा ओलांडून पलीकडच्या झाडात रुतायचा.

ओढ्यापलीकडच्या पाड्यावर वेस्ती नावाची मुलगी होती. लहानपणी बापाने तिला पाखरं राखायला शेतात बसवलं आणि तिथेच ती नेम धरायला शिकली. तिचा कमठा हलका, पण नजर अशी पक्की की वाऱ्यावर हलणारं पान दाखवलं तर ती पान सोडून देठाला बाण मारायची.

जत्रेत दोघांनी एकमेकांचा नेम पाहिला आणि पाहतच राहिले. पुढे त्यांचं लग्न झालं. लोक म्हणाले, "आता जोडीचा मान दुसऱ्या कुणाला मिळत नाही!"

हा जोडीचा मान त्या डोंगरात फार मोठी गोष्ट होती. पिकं घरात आली की होळीच्या आधी मोठी जत्रा भरायची. तिथे नवरा-बायकोने मिळून नेमबाजी करायची. केळीचा खुंट उभा करायचे, त्यावर चुन्याचा ठिपका. आधी बायकोने बाण मारायचा, मग नवऱ्याने. नियम एकच होता, पण कडक. जोडीला कमठा मात्र एकच मिळायचा. जिंकेल त्या जोडीला मोरपिसांचा तुरा, आणि होळीचा पहिला ढोल तिच्याच पाड्यावर वाजायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला नुरजी म्हणाला, "माझाच कमठा नेऊ."

"मला ओढवेल का तो?" वेस्तीने विचारलं.

"जोर लाव. ओढवेल."

वेस्तीने जोर लावला, ओठ दाताखाली धरले, तरी दोरी अर्ध्यावरच अडली. बाण खुंटाच्या अलीकडेच धुळीत पडला. दुसऱ्या फेरीतही तसंच झालं. लोक हसले. नुरजीचे बाण मात्र ठिपक्यात बसले.

तुरा नेहमीप्रमाणे तेगा आजा आणि हुणी आजी या म्हाताऱ्या जोडप्याने नेला. कुणीतरी नुरजीला म्हणालं, "काय रे, म्हाताऱ्यांकडून हरलास?"

"मी कुठे हरलो?" नुरजी सगळ्यांसमोर बोलला. "माझा एकही बाण चुकला नाही. चुकले ते हिचे."

 घरी जाताना वेस्ती त्याच्या बरोबरीने चालली नाही.

पुढच्या वर्षी ती म्हणाली, "या वेळी माझा कमठा न्यायचा." तो तिच्या बापाने स्वतः तासून तिला लग्नात दिला होता. नुरजी कबूल झाला. वेस्तीचा बाण सरळ ठिपक्यात गेला. मग नुरजीने कमठा हातात घेतला आणि सवयीप्रमाणे दोरी कानामागे खेचली. कडाड् असा आवाज झाला. कमठ्याचे दोन तुकडे झाले.

नुरजी भांबावला. "असला नाजूक कमठा कशाला आणायचा?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

वेस्तीने तुकडे उचलून पदरात बांधले. "पुढच्या जत्रेला मी येणार नाही," ती म्हणाली. "जोडी लागते ती दुसरीकडे शोध."

नुरजीला आता कळलं की इथे तुऱ्याहून मोठं काहीतरी हातातून निसटतंय. 

परतीच्या वाटेवर तेगा आजाचं घर लागायचं. ऊन फार तापलं होतं. दोघं पाणी प्यायला थांबली. अंगणात आजा आणि आजी नव्या कमठ्याचा बांबू तासत बसले होते. आजा दोनचार हात विळा फिरवायचा आणि बांबू आजीकडे द्यायचा. आजी तो वाकवून बघायची.

"अजून जड आहे," आजी म्हणाली.

"आणखी तासला तर माझ्यासाठी मऊ होईल," आजा म्हणाला.

"थोडा होऊ दे."

आजाने थोडा तासला. मग त्यानेच वाकवून पाहिला आणि मान हलवली. "बस. आता तू थोडा जोर वाढव."

नुरजीला राहवलं नाही. "आजा, मग हा कमठा नक्की कुणाच्या हाताचा?"

"कुणाच्याच नाही," आजा हसला. "मला थोडा मऊ पडतो, हिला थोडा जड. दोघांनाही जरा अवघड आहे, म्हणून दोघांना चालतो."

आजीने वेस्तीच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं आणि काहीही न विचारता तिच्यापुढे गुळाचा खडा ठेवला.

 घराच्या दारात नुरजी थांबला. "वेस्ती, तुझ्या बापाच्या हातचा कमठा मी मोडला. तसा मला करता येणार नाही. पण आपण दोघं मिळून एक करू या का?"

वेस्तीने पदराची गाठ सोडली आणि तुकडे उंबऱ्यावर ठेवले. मग म्हणाली, "बांबू मी निवडणार."

पावसाळा सरल्यावर ती दोघं बांबूच्या बेटात गेली. वेस्तीने बांबू निवडला, नुरजीने तोडला. तो सावलीत वाळवला, तासला, शेकला, मोहाच्या बियांचं तेल पाजलं. तासताना कितीदा तरी भांडणं झाली. एकदा तर वेस्ती विळा टाकून शेतात निघून गेली आणि नुरजी भाकरी घेऊन तिच्या मागे गेला. शेवटी कमठा तयार झाला. मग खरी मेहनत सुरू झाली. वेस्ती रोज दोरी ओढून खांदा बळकट करू लागली. नुरजीपुढचं काम त्याहून अवघड होतं. त्याला आपला जोर आवरायला शिकायचं होतं.

जत्रेचा दिवस आला. एकेक जोडी बाद होत गेली. शेवटी दोनच जोड्या उरल्या, तेगा आजा-हुणी आजी आणि नुरजी-वेस्ती.

आजीचा बाण ठिपक्यात बसला. आजाचा जरासा बाजूला गेला. लोक ओरडले, "आज तरुणांचा दिवस!"

वेस्तीने कमठा उचलला. दोरी सरसर ओढली गेली आणि बाण ठिपक्यात शिरला. ढोल वाजले. आता नुरजीने एक बाण मारला की तुरा त्यांचा. पण सगळ्या जत्रेचे डोळे आपल्यावर आहेत म्हटल्यावर त्याच्या हाताला जुना जोर आठवला. दोरी जास्त खेचली गेली. बाण खुंटावरून उडून गवतात गेला.

 तेवढ्यात एक आगाऊ माणूस ओरडला, "वेस्ती, तुझा तर लागला! हरवलं ते नवऱ्याने. सांग की सगळ्यांना!"

वेस्तीजवळ उत्तर तयार होतं. पहिल्या जत्रेपासून ते तिने मनात जपून ठेवलं होतं. तिने नुरजीकडे पाहिलं. एवढा धिप्पाड गडी, पण मान खाली घालून मातीकडे बघत उभा होता. आता ऐकून घ्यायची पाळी आपली आहे आणि ती आपल्याला सोसायचीच आहे, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"आमचा एक लागला, एक राहिला," वेस्ती मोठ्याने म्हणाली. "आणि खेळ अजून संपलेला नाही."

दोन्ही जोड्यांचा एकेकच बाण लागला होता, म्हणून आणखी एक फेरी ठरली. आजी नेम धरत होती तेव्हा नुरजी हळूच म्हणाला, "पहिल्या वर्षी मी असं म्हणायला हवं होतं."

"हो. म्हणायला हवं होतंस," वेस्ती म्हणाली. "आता समोर बघ."

या वेळी आजीचा बाण ठिपक्याच्या कडेबाहेर गेला आणि आजाचा लागला. मग वेस्तीने बाण सोडला. लागला. तिने कमठा नुरजीच्या हातात दिला. नुरजीने श्वास घेतला, दोरी ओढली, आणि जिथे थांबायचं होतं तिथे थांबला. आपला बाण चुकला तरी आपल्याला कुणी टाकून देणार नाही, हे आता त्याला माहीत होतं.  बाण वेस्तीच्या बाणाला खेटून बसला.

पहिली आरोळी हुणी आजीनेच मारली! तेगा आजाने आपल्या हाताने तुरा आणून दिला.

"आजी, हरल्याचं वाईट वाटलं का गं?" वेस्तीने विचारलं.

"वाटलं तर," आजी म्हणाली. "घरी गेल्यावर मी यांना चांगली चिडवणार आहे, आणि हे मला. पण ते घरी."

त्या वर्षी होळीचा पहिला ढोल नुरजी-वेस्तीच्या पाड्यावर वाजला. पुढच्या जत्रांमध्ये ती दोघं कधी जिंकली, कधी हरली. पण पाऊस सरला की त्या डोंगरातली नवी जोडपी बांबूच्या बेटात एकत्र जाऊ लागली, आणि बांबू कोणता घ्यायचा यावरून त्यांची भांडणं दूरवर ऐकू येऊ लागली.

तात्पर्य: ज्याला जोडीने जिंकायचं आहे, त्याने आधी जोडीने हरायला शिकावं.