फिर्यादींची गादी

हत्ती चोरल्याचा आरोप बाबालाल पिंजाऱ्यावर होता, आणि हत्ती बाहेर अंगणात उभा होता.

तरी पाच पंच गंभीर चेहऱ्याने बसले होते. खटला उभा राहतो की नाही, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. उभा राहिला, की राजा दुर्जयसेनाला सवड होईपर्यंत आरोपी कोठडीत. आणि राजाला सवड सात-आठ वर्षांतून एकदा होई. आजही तो शेजारच्या गादीवर बसला होता, पण नुसती गंमत बघायला. बाबालालची लेक जैतून खांबाआडून सगळं पाहत होती.

सरकारी फिर्यादी भुजंगराव उंच गादीवरून म्हणाले, "पिंजारी हौद्याची गादी भरायला आला. घरी निघाला, तेव्हा हत्तीही त्याच्या मागोमाग गेला. पिंजाऱ्याच्या दारात लीद सापडली. झालं माझं."

"सरकार, माझ्या अंगाला सरकी चिकटली होती, ती खायला तो आला. संध्याकाळी आपल्या पायांनी परत..."

"आरोपीने पंचांसमोर बोलायचं नसतं," राजाने बाबालालला गप्प केलं.

इतक्यात हत्तीने खिडकीतून सोंड घातली आणि थोरल्या पंचांच्या ताटातली केळ्यांची फणी उचलली.

थोरले पंच ताटाकडे बघत म्हणाले, "फिर्यादींनी हत्ती दाखवलेला नाही. तेव्हा आम्हाला तो दिसत नाही."

"मग दाखवा ना त्यांना," जैतूनच्या तोंडून निघून गेलं.

"विरुद्ध असेल ते दाखवणं माझं काम," भुजंगराव म्हणाले. "बाजूचं दाखवलं की पंच उगाच गोंधळतात."

पंचांनी माना डोलावल्या.

राजाला गंमत वाटली. "पोरी, एक वाक्य बोल. पण त्यात हत्ती नको, चोरी नको, तुझा बाप नको. सोडव बघू बापाला!"

जैतून लहानपणापासून गाद्या भरत आली होती. कापसाची गादी माणूस बसला की दबते. ही दबत नव्हती, आणि भुजंगराव हलले की कुरकुरत होती.

"महाराज," ती हळूच म्हणाली, "भुजंगरावांची गादी तुमच्या गादीपेक्षा चार बोटं उंच आहे."

राजाने तिथल्या तिथे दोरीने मोजलं. पाच बोटं निघाली!

"उसवा ती!"

आत कापूस नव्हता. नुसते कागद. सगळ्यात वर माहुताचा जबाब: 'हत्ती चोरीला गेलेला नाही. हे लिहिताना तो माझं पागोटं खातो आहे.' त्याखाली कुणाचा तरी जुना कागद: 'चोरी झाली तेव्हा आरोपी जन्मला नव्हता.'

"हे पंचांना का नाही दाखवलंत?"

"खटला उभाच राहिला नसता, महाराज."

"म्हणून त्यांच्यावर बसलात?"

"टाकून कसे देणार? सरकारी कागद आहेत."

राजा हसत सुटला, तो पोट धरूनच थांबला. पंचांनी जबाब वाचला आणि खटला उभा राहत नाही असं सांगितलं. बाकीचे कागदही आजच वाचा, असा राजाने हुकूम केला.

"बक्षीस काय हवं, पोरी?"

"ती रिकामी खोळ द्या, महाराज."

"खोळ? ती कशाला?"

"यांच्याकडे राहिली तर पुन्हा भरेल."

राजाने खोळ दिली, पण रेशमाच्या ताग्यांनी गच्च भरून, आणि बापलेकींना हत्तीवरून घरी पाठवलं. हत्ती खिडकीजवळून गेला, तेव्हा तो थोरल्या पंचांना अगदी स्पष्ट दिसला. त्यांनी उरलेली केळी चटकन उपरण्याखाली घेतली.