बिनशेपटीच्या चतुरांचं कूळ

मुंग्यांनी महाराजांच्या एकशे बारा चतुरांच्या शेपट्या एका दुपारीत फस्त केल्या. पंख राहिले, डोकी राहिली, टोचलेल्या टाचण्या तर राहिल्याच. गेल्या त्या नेमक्या शेपट्या.

चूक वाड्यावर कामाला असणाऱ्या येसूचीच होती. कपाटाच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या असत आणि त्या रोज भरणं हे तिचं काम. पण त्या दिवशी नागपंचमी! बाई तीन वाट्या भरून झोक्यावर पळाली. मुंग्यांना चौथा पाय पुरला.

गोरज्याचे भवानजीराव महाराज हौशी गृहस्थ. नदीकाठी भिरभिरणारे चतुर पकडायचे, टाचणीला लावायचे आणि धुंडिराजशास्त्र्यांकडून त्यांची कुळं ठरवून घ्यायची, हा त्यांचा नाद. शास्त्रीबोवांचा नियम सोपा होता. शेपटीच्या टोकाला गदेसारखा फुगवटा असला की तो चतुर गदाधर कुळातला, नसला की इतर. शास्त्रीबोवा स्वतः नदीवर कधी गेले नव्हते. त्यांना पाण्याच्या वाऱ्यानं पडसं होई.

कपाट पाहून महाराज लालबुंद झाले. येसू दाराशीच उभी होती.

"शास्त्रीबोवा, पोथीत नोंद आहे ना?"

"आहे महाराज. टाचणीगणिक आकडा आणि आकड्यासमोर कूळ."

"मग ती पोथी मिटून ठेवा. शेपट्या हिच्यामुळे गेल्या, तर शेपटीवाचून कुळं हीच लावील! ऐक गं. उद्या सकाळी दरबारात सगळे चतुर निवडून दे. पोथीशी जुळले तर माफ. एकही चुकला, तर तुझ्या बापाची घाटावरची नाव दुसऱ्याला."

महाराजांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दिवाळीला चुकून शिमगा म्हणाले, तर गावानं बोंब मारायची. आणि त्या नावेवर येसूच्या घरातली पाच माणसं जेवत होती.

ती तशीच घाटावर गेली. बाप, रावजी नावाडी, वल्हं धूत बसला होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "रडतीस कशापायी? इतके उतारू येत्यात, तू त्यांना वळखतीस कशी?"

"तोंडावरनं."

"मग? पाठमोऱ्या माणसाला हाक मारली, तर भलताच वळून बघतोय."

येसूनं डोळे पुसले आणि काठावरच्या दगडाकडे पाहिलं. एक गदावाला चतुर उन्हात बसला होता. तिनं आज पहिल्यांदा त्याची शेपटी सोडून तोंड पाहिलं. दोन डोळे, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये चांगली मोकळी जागा. मग तिनं पाण्यावर घिरट्या घालणारे दुसरे चतुर पकडून पाहिले. त्यांचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले! दिवस मावळेपर्यंत ती काठानं फिरत राहिली. दुसऱ्या सकाळी उन्हं चढल्यावर पुन्हा घाटावर जाऊन तिनं एक जोडी टोपलीत धरली, वरून पातळ फडकं बांधलं आणि दरबार गाठला.

तिथं तिनं एकशे बारा डोकी पाहून दोन ढीग केले. शास्त्रीबोवांनी पोथी सोडली, एकेक आकडा लावला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"महाराज, नऊ चुका! सात बिनगदेचे हिनं गदाधरांत घुसवले आणि गदा असलेले दोन बाहेर काढले."

"नाव गेली," महाराज म्हणाले.

येसू म्हणाली, "चुकी माझी न्हाई महाराज. पोथीची हाय."

दरबारात कुजबुज उठली. येसूनं टोपली पुढं केली. "हे नवरा-बायको. जोडी जमलेली असतानाच धरलीय. नवऱ्याला गदा हाय, बायकोला न्हाई. पण डोळं बघा. दोघांचंबी लांब लांब. पोथीपरमाणं नवरा एका घरात नि बायको परक्याच्या घरात. ह्यो कुठला संसार?"

महाराजांनी वाकून पाहिलं. शास्त्रीबोवा मात्र उसळले. "गदा हेच कुळाचं लक्षण! गदा नाही, तो गदाधर नाही!"

येसूनं भिंतीकडे पाहिलं. तिथं महाराजांच्या पाच पिढ्यांच्या तसबिरी होत्या आणि प्रत्येकीत कानापर्यंत वळलेली मिशी.

"शास्त्रीबोवा, मग महाराजांच्या कुळाचं लक्षण काय वो?"

शास्त्रीबोवांना खुशामतीची संधी दिसली. "अर्थात ही मिशी! पाच पिढ्यांची शान!"

"तर मग आक्कासाहेब कुणाच्या घरच्या? महाराजांच्या पोटची लेक, पण मिशी काय दिसत न्हाई."

शास्त्रीबोवांनी पोथीच्या ओळीवर बोट आपटलं. "आणि... आणि ते दोन? त्यांना तर गदा आहे!"

"त्यांचं डोळं चिकटल्यालं हायत. दारावरच्या बहिर्जी हवालदारालाबी अशीच मिशी हाय. त्यो काय महाराजांचा भाऊ व्हय?"

हवालदारानं घाईघाईनं हातानं मिशी झाकली. पडद्यामागून राणीसाहेब खुदकन हसल्या. मग महाराजांना आवरेना. ते इतके हसले, की फेटा सरकून नाकावर आला.

"पण महाराज," शास्त्रीबोवा काकुळतीला आले, "पोथीशी जुळलं तरच माफ, हा आपला शब्द."

"खरं आहे. आणि मी शब्द फिरवीत नाही. तेव्हा पोथी दुरुस्त करा, म्हणजे जुळेल!"

शास्त्रीबोवांनी तिथंच मांडी घालून नऊ ओळी खोडून नव्यानं लिहिल्या. शाई वाळते न वाळते तोच महाराज म्हणाले, "आता सनद लिहा. घाटावरची नाव आजपासून येसूच्या नावानं, वंशपरंपरा."

शास्त्रीबोवा लिहू लागले. "तिच्यामागं... तिच्या मुलाकडे..." आणि बोरू थांबला. "महाराज, मुलगी झाली तर?"

"तर मुलीकडे," महाराज म्हणाले. "मिशीची अट नाही."