निळी रेघ

“ही रेघ खरवडून टाकली, तर माझ्या मनावरचा भार उतरेल का, लामाजी?”

गजानन सोहोनींनी नकाशा जमिनीवर पसरला होता. हातात ब्लेड होतं. चांगथांगच्या त्या पठारावर औषधालासुद्धा झाड नाही. तीस वर्षांपूर्वी ते इथं नकाशासाठी मोजणीला आले, तेव्हा नाकावर माशी बसू देत नसत. आज गोम्पाच्या, त्या बौद्ध मठाच्या, चार पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली होती.

लामांनी विचारलं, रेघ कसली?

ओढ्याची, सोहोनी म्हणाले. जुलैत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात बर्फ वितळतं तेव्हा, कड्यावरून दुर्बिणीत त्यांना पाणी दिसलं. खाली उतरायचा त्यांनी कंटाळा केला आणि बारमाही ओढ्याची अखंड निळी रेघ ओढून मोकळे झाले. नकाशा तसाच छापला गेला.

त्यांच्या दुर्बिणीची तिपाई वाहणारा थुंडुप त्याच खोऱ्यातला. दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, तो दुसऱ्या एका तुकडीबरोबर तिथं निघाला. पाणी जास्त घ्या, असं त्यानं सांगून पाहिलं. तुकडीच्या प्रमुखानं नकाशावरच्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं. ओढा ठणठणीत कोरडा निघाला. थुंडुप एकटाच पाणी शोधायला पुढे गेला, तो परत आलाच नाही.

“माझ्या रेघेनं त्याचा जीव घेतला,” सोहोनी म्हणाले.

लामा नकाशावर वाकून बघत राहिले. थुंडुप त्यांचा धाकटा भाऊ. सोहोनींना ते ठाऊक होतं, म्हणून तर एवढी वाट तुडवत ते इथवर आले होते.

“रेघ ओढलीत तेव्हा तो जवळ होता?”

“होता.”

“काही बोलला?”

“म्हणाला, साहेब, उन्हाळा सरला की हे पाणी...”

“पुढं?”

“मी म्हटलं, मला डोळ्यांनी दिसतंय. तू तिपाई धर.”

लामांनी त्यांच्या हातातलं ब्लेड हलकेच काढून घेतलं.

“रेघ राहू द्या, साहेब. जुलैत तिथं पाणी असतंच.”

मग सोहोनींच्या खिशाला लावलेलं पेन काढून त्यांनी त्यांच्याच हातात दिलं.

“रेघेशेजारी माझ्या भावाचं वाक्य तेवढं पुरं करा.”